अर्थिंग

खोक्यावर बाण छापला होता: ही बाजू वर.
यल्लाप्पानं पोत्याच्या सवयीनं
पाठीवर आडवा घेतला
आणि पेढीत आणून टेकवला.

जुन्याचं पोट उघडलं तर
आतला पंखा पिवळाधमक.
बारा वर्षं सांगलीच्या यार्डातली हळद
त्याच्या श्वासात जात होती, आमच्याही.
मिरजेची आफरीन मुजावर
रंगाच्या ब्रशनं एकेक पातं झाडत बसली.
पद्माण्णा म्हणाले, खाली कागद धर बाळ,
राजापुरी आहे, वजनात धरू.

नव्याचं बटण दाबलं.
पिप पिप पिप. पडदा काळा.
पद्माण्णांनी माझ्याकडं पाहिलं,
तेरजेत सव्वा रुपया कमी आला की पाहतात तसं.
"रॅम हललीय. आडवा आणला का कुणी?"
यल्लाप्पा दारातनं हळूच तराजूकडं सरकला.
तिनं पट्टी काढली, खोडरबरानं
तिचे सोनेरी दात घासले, परत बसवली.
"टक् असा आवाज दोन्हीकडनं यायला पाहिजे दिवाणजी,
एकाच बाजूचा आला तर बसली म्हणायचं नाही."
मी अधूनमधून सोयरिकी जुळवतो.
मला पटलं.

मग डब्याला हात लावला तर झिणझिण.
वायरमन मागंच म्हणाला होता, एवढं असतंय, सवय होईल.
आफरीननं पत्र्यावर टेस्टर टेकवला.
आतला दिवा लालबुंद.
"अर्थिंग कुठाय तुमचं?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.
एकतीस वर्षं या गादीवर बसतोय,
हा प्रश्न कुणी केला नव्हता.
गोदामामागं, फाटक्या बारदानाखाली
सापडलं शेवटी नळीचं तोंड,
भोवतीची माती भेगाळलेली.
तिनं किलोभर खडेमीठ मागितलं, दोन बादल्या पाणी.
नळी गुडगुड करत पीत राहिली,
किती वेळ, कुणास ठाऊक,
आम्ही चौघं वाकून ऐकत होतो.
आत टेस्टर विझला.

एवढ्यात दुपार.
छापायच्या यंत्राची वायर रुंद तोंडाची,
नव्याला तेवढं तोंडच नाही.
तिनं पिशवीतनं एक जोड काढला, दीडशे रुपये.
पद्माण्णांनी एकशे चाळीस दिले.

आणि मग खातेवही उघडली.

नावांच्या जागी
टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं,
पौंडाच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं, पोटात रेघ मारलेला ओ.
आकडे शाबूत. पैशापैशाला बरोबर.
फक्त कुणाचे, ते गेलं.
"जुना फॉन्ट नाही यात," आफरीन म्हणाली,
"जुन्या डिस्कवर शोधते, पण वेळ लागेल."
सौदे होऊन गेलेले, पट्ट्या व्हायच्या होत्या,
बाहेर माणसं चपला काढून बसलेली.

मी खुर्ची शेजारी ओढली.
चारशे बारा: सातगोंडा, समडोळीचा, डाव्या हातानं सही करतो.
चारशे तेरा: त्याचा भाऊ. बोलत नाहीत. शेजारी शेजारी टाकू नको.
दोनशे नऊ: गंगव्वा, अथणीकडची, रोख मागते, मोजून घेत नाही.
ती लिहीत गेली नव्या अक्षरांत.
पद्माण्णांनी चहा सांगितला, स्वतःहून.

एकशे त्र्याहत्तरला मी थांबलो.
सहाशे चाळीस देणे.
आपण देणे, त्यांनी नाही.
रेघ लुकलुकत होती,
आणि माझ्याकडं काही नव्हतं,
गाव नाही, चेहरा नाही, छत्री नाही.

सहाला फॉन्ट मिळाला.
एका क्षणात सगळी नावं आपापल्या जागी येऊन बसली.
मी आधी एकशे त्र्याहत्तर पाहिलं.
लगमव्य.
व्वा राहिला होता. बारा वर्षांपूर्वी मीच टाइप केलेलं.
"दुरुस्त करू?"
कर म्हणालो.
कोण, ते अजून आठवत नाही.

दर पंधरा दिवसांनी पाणी घाला, सांगून गेलीय.
आज बादली घेऊन मागं आलो.
सहाशे चाळीस वेगळ्या पाकिटात घातलेत,
वर पेनानं नाव, पूर्ण.
अथणीकडनं येणाऱ्या प्रत्येक गाडीला विचारतोय.
नळी पीतेय.
आतनं पद्माण्णा ओरडतायत,
दिवाणजी, परत पिप पिप करायला लागलाय हा!