एकास पाचशे

सीवूड्सच्या मॉलमधून रात्री पावणेबाराला बाहेर पडलो.
सिनेमात एक बाई हरवते,
तिला शोधता शोधता इन्स्पेक्टरला कळतं
की गावच कुणीतरी यंत्रात मांडून ठेवलंय,
आणि त्यालाही.
पुतण्या म्हणाला, काका, डोक्यावरून गेला असेल ना?
त्याला काय सांगू.

एकोणऐंशी साली हे नेरूळ
माझ्या टेबलावर होतं.
ट्रेसिंग पेपर, काळी शाई,
चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं.
खाजण खरवडलं की खाली सेक्टर निघायचा.
झाडं रबरी शिक्क्यानं, ठप ठप ठप,
सगळी एका वयाची.
सावल्या पंचेचाळीस अंशांत, उजवीकडे खाली;
सूर्याला विचारायची गरज नसे.

आकाराचा अंदाज यावा म्हणून कडेला एक माणूस काढायचा.
मी आमच्या हसुराम तांडेलला काढायचो.
करावे गावचा, मोजणीची काठी धरणारा.
बगलेत छत्री, डावा पाय किंचित पुढे.
तोंड काढायची पद्धत नव्हती.

त्याचं खाचर कुठल्या शीटमध्ये गेलं
हे त्यानं एकदाच विचारलं.
मी म्हटलं, उद्या बघतो.
दुसऱ्या दिवशी तो आला नाही.
तिसऱ्याही.
हजेरीच्या वहीत त्याच्या रकान्यात नुसत्या रेघा,
आणि नकाशांवर तो चौकाचौकांत उभा.

आता पुतण्या गाडी काढायला गेलेला.
फुटपाथवर झाडं एका उंचीची.
दिवे दोन्ही बाजूंना, तरी सावल्या
सगळ्या उजवीकडे, खाली.
पलीकडे एक जण. बगलेत छत्री.
डिसेंबर महिना.
डावा पाय...
मी रस्ता ओलांडला नाही.
तोच म्हणाला, कशानं म्हणाला कळलं नाही,
"सायेब, तुमचा उद्या झाला का?"

गाडी आली. काच खाली झाली.
कुणाशी बोलताय, काका?
म्हटलं, स्केल जरा चुकलंय.

घरी माळ्यावरची गुंडाळी काढली,
दिव्याखाली पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या.
छत्री होती.
बाकीच्या जागी नुसतं खरवडलेलं,
माझा हात इतका हलका कधीच नव्हता.
कागद तिथे पातळ झालाय,
पलीकडून कुणी बोट टेकवलं
तर दिसेल, इतका.