शेरा

गांजे बंधाऱ्यावरच्या पंपघरात
रात्रपाळीला एक रजिस्टर असतं.
वेळ, व्होल्टेज, नदीची पातळी,
आणि कडेला अरुंद रकाना: शेरा.
त्यात बहुतेक रात्री मी लिहितो, निरंक.

नरकासुर जाळून चार दिवस झाले.
पोरांनी महिनाभर जागून बांधलेला,
पहाटे पाच मिनिटांत गेला.
तारेचा सांगाडा अजून पडलाय
कुंपणापाशी, एक हात वर करून.

आज साडेसातला ती आली,
म्हादईच्या पाण्यातून, कुणी हाक मारल्यासारखी.
आधी ट्यूबलाइटपाशी दहा-बारा,
मग मोजण्यात अर्थ उरला नाही.
रजिस्टरवर, चहाच्या पेल्यात, माझ्या भुवईत,
शेपटीला दोरे, पंख पाठीवर उभे मिटलेले.

आम्ही त्यांना नाव दिलेलं नाही.
फटू म्हणायचा, पाखरां.
दिव्याला येतात ती सगळीच पाखरां,
वाळवीला पंख फुटले तरी पाखरां.
एका रात्रीच्या जिवाचं
कोण बसून बारसं करणार?

गेल्या वर्षी कॉलेजच्या बाई आल्या होत्या,
पियेदाद फुर्तादो, गुडघ्यापर्यंत बूट.
नदीतला एक दगड उलटा करून म्हणाल्या, बघा.
दगडाच्या पोटाला काहीतरी चिकटलेलं,
चपटं, मातकट, कुशीतून श्वास घेणारं.
वर्षभर हे इथंच असतं, म्हणाल्या,
काही तर दोन वर्षं.
तुम्ही बघता ती फक्त शेवटची रात्र.

आणि म्हणाल्या, पंख आले की यांना तोंड नसतं.
म्हणजे असतं, पण कामाचं नसतं. जेवणं संपलेली.
मी हसलो. मग ते हसू कुठे ठेवावं कळेना.

बांबोळीच्या वॉर्डात उमाकांत, माझा धाकटा,
शेवटचे एकोणीस दिवस नळीतून जेवला.
एकदा पाटीवर लिहून मागितलं होतं त्यानं,
सुंगटांचं हुमण. खायला नको, वास पुरे.
मी डबा नेला. नर्सनं दारातच अडवलं.
तो डबा मी बसस्टॉपवर बसून उघडला
आणि खाल्ला. भूक लागली होती.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

नऊच्या सुमारास एक माझ्या बाहीवर बसलं.
पंख धुरकट. जरा थरथरलं,
पाठीवर उसवलं, आणि त्यातून
तेच पुन्हा निघालं, काचेसारखं.
पंख फुटल्यावरही कात टाकणारं
दुसरं कुणी मला माहीत नाही.
इतका थोडा वेळ हाताशी
आणि कपडे बदलायला थांबायचं!
मी हात हलवला नाही.
दोन नंबरच्या पंपाचं प्रेशर बघायचं राहिलं.

मग पाण्यावर त्यांचं वर-खाली, वर-खाली,
अंधारात कुणी पीठ चाळावं तसं.
मासे वर आले. त्यांचे आवाज, बुळुक, बुळुक,
बराच वेळ.
भिंतीवरची पाल इतकी जेवली
की तिला माझी भीती वाटेना.

पहाटे हिराची केरसुणी घेतली.
दोन घमेली भरली.
वजन काहीच नाही; उचलताना हात
उगाच जोर लावून वर गेला.
मिरचीच्या आळ्यात टाकली.
फटू रिटायर होताना एवढंच सांगून गेलाय,
मिरची बघ मागीर.

सातला उसगावचा ज्युनियर इंजिनिअर येईल,
विचारेल, जाळी का तुंबली.
रजिस्टर उघडलं. वेळ. व्होल्टेज.
पातळी दोन पॉइंट चार.
शेऱ्याच्या रकान्यात सवयीनं
'नि' काढला, आणि थांबलो.
बाहीवर ती कात अजून होती,
तिची सहाही पावलं घट्ट रोवलेली.

खोडाखोड चालत नाही या वहीत.
म्हणून त्याच 'नि'ला पुढे जोडून लिहिलं,
निघाली.
खाली सही केली, नेहमीची, वाचता न येणारी.