वापरण्यापूर्वी हलवा

पंपावरचा पोरगा बाटली बघूनच मान हलवतो.
पाटी वाचा, म्हणतो.
मी चाळीस वर्षं पाट्या लावत आलोय,
"उधारी बंद", "चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मिळणार नाहीत",
त्यामुळे वाद घालत नाही.
स्कूटर भरून आणतो
आणि भिकारदास मारुतीमागच्या बोळात,
दुकानाच्या मागल्या दाराशी,
टाकीत नळी सोडून लिटरभर काढून घेतो.
तोंडानं ओढत नाही. केमिस्ट आहे मी.

निळं तेल. साठ मिलीची सिरिंज.
नव्या इंजिनाला पंचविसास एक, म्हणजे लिटरला चाळीस.
अंगवळणी पडलं की बत्तिसास एक,
सव्वाएकतीस.
"सव्वा कशाला? ओत तीस," अगस्टीन भालेराव म्हणतात,
खडकीच्या कारखान्यात ज्यांनी
केसाच्या दहाव्या हिश्शावर नोकरी केली, ते.
मी सव्वाच घेतो.

या इंजिनाला तेलाची वेगळी कोठी नाही.
तेल पेट्रोलच्या पाठुंगळी बसून येतं,
कार्बोरेटरच्या पातळ पडद्यापाशी धडधडतं,
सुईच्या अंगाला घासून आत शिरतं,
बेअरिंगवरून हात फिरवतं
आणि जळायला पुढे जातं.
पेट्रोल थांबलं की तेही थांबतं.
कोरडा पिस्टन मग कुणाचं ऐकत नाही.

टाकीच्या पोटात एक पितळी गोळा,
मऊ नळीच्या टोकाला.
त्याला काम एकच: पडणं.
विमानानं नाक वर केलं की मागे,
कूस बदलली की कुशीला,
उताणं झालं की छताला.
पेट्रोल जिथे तळ मानेल
तिथे.

मला वाटलं, नळीच ती. आपल्याला नळ्यांचा काय तोटा?
सलाईनच्या संचातली वीतभर कापून घातली.
पारदर्शक, निर्जंतुक,
आणि मुख्य म्हणजे फुकट.

पिरंगुटच्या पुढचा माळ. रविवार, सकाळचे सात.
तीस सीसीचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता.
दोन गिरक्या नीट झाल्या. मग मी त्याला उताणं केलं,
चाकं आभाळाकडे,
एक, दोन, तीन,
चौथ्याला इंजिन खोकलं,
आवाज एकदम वर चढला, पातळ, चिरका,
"हवा ओढतंय! सरळ कर!" अगस्टीन ओरडले.
केलं सरळ.
तोवर पंखा उभा.

सहा किलो लाकूड, कापड आणि माझा हट्ट,
आवाजाशिवाय.
कुठेतरी मोट्रोला लावलेल्या पाईपाचं पाणी पडत होतं
ते ऐकू यायला लागलं.
वाऱ्याकडे तोंड करून आणलं खाली,
धावपट्टीपर्यंत नाही पोचलं,
हरभऱ्यात बसलं. एक चाक गेलं.
खुरपं हातात घेऊन बाई धावत आल्या.
विचारलं काय, तर,
"आत कुणी नव्हतं न्हवं?"

अगस्टीननी तिथेच बांधावर टाकी खोलली.
नळी बाहेर आली वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखी.
वाकेना. पंधरा दिवसांत
पेट्रोलनं तिचा सगळा मऊपणा धुऊन नेला होता.
गोळा जिथल्या तिथे, ताठ,
पेट्रोल छताला अन् हा खाली
हवा पीत बसलेला.
"माणसाची नळी आहे ही," ते म्हणाले,
"याला नाही चालत."
एवढंच. मग नुकसानीचे पैसे देऊन उपटलेल्या डहाळ्यांतले
घाटे सोलून खात राहिले,
एक मला, एक त्यांना.

आता पिवळी नळी आहे, खास पेट्रोलची, महाग.
तीही कायमची नाही;
टाकीवर तारीख लिहून ठेवलीय,
दुकानातल्या सवयीनं.

सोमवारी एक तरुण बाप आला, कानात दुखणाऱ्या पोरीसाठी.
पावडरच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी घातलं,
दर वेळी हलवून द्या म्हटलं, नाहीतर औषध तळाशी बसतं.
त्यानं माझा अंगठा हुंगल्यासारखं केलं.
काही बोलला नाही.

तो गेल्यावर मागे गेलो,
रिकामी टाकी कानाशी धरली,
कलती केली.
टक्.
दुसऱ्या अंगाला.
टक्.