तुकडे न करता

चौदा टक्क्यांवर अडलंय.
रात्रीचे दोन. हल शहर, गोदीच्या कडेची इमारत,
बाहेर हंबर नदी गढूळ, भरतीला लागलेली,
आत पंख्यांचा घोष, कानात बोळे घातले तरी ऐकू येणारा.
जुनं कपाट सकाळी सहाला बंद व्हायचंय.
त्यातली सतरा मशीन्स झोपवून नेली,
कुणाची काही तक्रार नाही.
अठरावीला झोपवता येत नाही.

अठरावी म्हणजे गोदीचं फाटक.
रॉटरडॅमहून उतरलेला ट्रक तिला नंबर दाखवतो,
ती ओळखते, दांडा वर करते.
तिला चालत्या संसारासकट उचलायचं आहे,
चुलीवरचं दूध उतू न देता.

चौदा टक्के. मग बराच वेळ काहीच नाही.
मग तांबडी ओळ.

आधी प्रोसेसरवर संशय घेतला. नवा दोन पिढ्यांनी धाकटा,
म्हटलं, थोरल्याची भाषा कळत नसेल.
तसं नव्हतं.
मग तिच्या सीडीच्या खोट्या कप्प्यात
एक तबकडी सापडली, नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेली,
काढायची राहून गेलेली.
काढली. वाटलं, हेच.
चौदा टक्के.

फाटकावरच्या केबिनमधून डेनिस थर्केलचा फोन:
"जमतंय का गं, लव्ह?"
तोंडात चिप्स, त्यावर इथला तो लाल मसाला असणार.
म्हटलं, जमेल.

या यंत्रातून त्या यंत्राला हाक मारली.
चौसष्ट बाइट. पोचली.
पुन्हा मारली. पोचली.
रस्ता आहे तर!
मग अडतंय कुठे, या प्रश्नाशी अर्धा तास,
आणि गार झालेला चहा.

मग सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं.
मोठी हाक मारून बघू,
आठ हजार नऊशे बहात्तर बाइटची,
आणि बजावून सांगू: वाटेत तुकडे करायचे नाहीत.

गेली.
आली नाही.

लहान निरोप पोचत राहतात,
म्हणून कुणाला शंका येत नाही.
सेलूहून दादा दर रविवारी विचारतो, जेवलीस का?
हो.
थंडी आहे?
आहे.
तुझ्या त्या बोटीबिटी बऱ्या आहेत ना?
बऱ्या आहेत.
मार्चपासून एक गोष्ट सांगायची आहे त्याला.
ती या तारेतून मावत नाही,
आणि तिचे तुकडे केले
तर पलीकडे कोण जुळवत बसणार?

नव्या स्विचच्या बाविसाव्या पोर्टवर
कुणीतरी पंधराशेच ठेवलंय. बाकी सगळीकडे नऊ हजार.
कुणीतरी म्हणजे मीच,
गेल्या मंगळवारी, शेवटची बस पकडायच्या घाईत.
एक ओळ टाइप केली.
मोठी हाक जशीच्या तशी परत आली.

चौदा. एकोणीस. छत्तीस.
पहिल्या फेरीत तिची सगळी आठवण हलली,
तेवढ्यात मागे थोडं बदललं, कुठलासा ट्रक आला असेल,
तेवढंच पुन्हा नेलं.
तेवढ्यात आणखी थोडं.
हे कधी संपतं, तर पुरेसं कमी उरलं की.
उरलेल्यासाठी तिला धरून थांबवायचं, झेपेल इतकंच.

नोंदीत आहे: शून्य दशांश चार एक सेकंद.
तेवढा वेळ ती ना या कपाटात होती, ना त्या.

डेनिसला विचारलं, काही जाणवलं?
"कधी?" ती म्हणाली.

साडेचार. खाली उतरले.
कोपऱ्यावर इथले ते सायीच्या रंगाचे टेलिफोनचे खोके,
देशात बाकी सगळीकडे लाल.
हातमोजा काढून दादाला फोन लावला.
तिकडे दहा वाजले होते, मागे मिक्सर चालू.
"एवढ्या पहाटे? सगळं ठीक ना?"
म्हटलं, हो, कामावर होते.
"काही खाल्लंस का?"

हो, म्हटलं.

चौसष्ट बाइट.
फाटकावर दांडा वर झाला, ट्रक आत गेला,
आणि फोन अजून कानाला होता,
त्याने ठेवला नव्हता, मीही नाही.