कदमताल

शनिवारी सकाळी सहाला मुरारच्या मैदानावर
धुकं इतकं असतं की
ग्वाल्हेरला किल्ला नसतोच त्या दिवशी.

पाच दिवस मी वनस्पतिशास्त्र शिकवते, साडी नेसून.
शनिवार-रविवार खाकी.
खांद्यावर दोन तारे आहेत माझ्या,
लढाईला चालत नाहीत, हजेरीपटाला चालतात.

यंदा सत्तावीस मुली.
भिंडच्या भदौरियाचे तीन काका फौजेत,
चौथा घरीच असतो, भिंतीवर, हार घालून.
फरहीन कंपूवरून सायकलने येते, बूट पिशवीत,
फाटकाशी आल्यावर घालते, पॉलिश जपायला.
आणि चारुता तांबट.
दौलतगंजात वडिलांचं दुकान.
कल्हई गेली, तांबं गेलं,
आता पोचे काढणं आणि कुकरच्या शिट्ट्या.

मागच्याच्या मागच्या जुलैत, पहिल्याच दिवशी
हिची पंचाईत:
डाव्या पायाबरोबर डावा हात,
उजव्याबरोबर उजवा.
अख्ख्या रांगेत खसखस पिकली.
हवालदारसाहेब म्हणाले, "ए तांबट, पतंग है क्या?"
मीही हसले असेन.
आठवत नाही, असं सांगते.

मग तिनं उजव्या मुठीत खडा धरला.
खडा पुढे, तेव्हा डावा पाय पुढे.
महिनाभर गच्चीवर,
खाली वडील पातेलं ठोकायचे,
त्या ठोक्यावर वर हिचे पाय पडायचे.
एकदा ते मध्येच चहाला उठले
तर ही एका पायावर थांबून राहिली.

हळूहळू तिला कळलं
विश्राम म्हणजे विश्राम नाही.
पाठ ताठ, हात मागे,
नाकावर माशी बसली तर तिचं तिनं उठावं.
सी सर्टिफिकेटला 'अ' श्रेणी.
परेडनंतरची कचोरी आणि केळं
त्या दिवशी तिनं धाकट्या भावासाठी रुमालात बांधून नेलं.

मार्चमध्ये भोपाळ. पाच दिवस.
छातीवर नंबर बावीस.
परत आल्यावर प्रयोगशाळेत, ओल्या शेवाळाच्या ताटलीपाशी
उभ्या उभ्या सांगत होती:
मॅडम, पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंद.
मला आधी मराठीत सुचायचं,
मग हिंदीत,
इंग्रजी वाक्य दारापर्यंत येईतो
पुढचा शब्द आत घुसलेला.
शेवटचं चित्र कोरंच असतं. पांढरं.
सगळ्यांनी म्हणे पूर लिहिला, आग लिहिली, अपघात.
मी आपलं मैदान लिहिलं, मॅडम.
चुन्याच्या रेघांसकट.

शेवटच्या दिवशी एक साहेब आले.
सात. एकोणीस.
बाकीच्यांना धन्यवाद.
नंबराचं कापड घडी करून परत द्यायचं असतं.
बंद तेवढे नीट गुंडाळा, म्हणाले.

मी तिला म्हटलं, पुढच्या खेपेला.
म्हटलं नाही की माझा नंबर अकरा होता.
सव्वीस वर्षं झाली.
बँकेत अजून अकराचं टोकन आलं
की मी खिडकीशी जायला जरा उशीरच करते.

पुढच्या शनिवारी मला वाटलं, येणार नाही.
साडेपाचला पोचले तर
धुक्यात कुणीतरी वाकून चुना टाकत होतं.
एक रेघ थोडी वाकडी गेली होती.
पायानं पुसली, पुन्हा ओढली.
माझ्याकडे पाहून सॅल्यूट केला, हात पांढरा,
कपाळाला चुना लागला, दोघींनी तो पाहिला,
कुणी काही बोललं नाही.

नव्या तुकडीत एक मुलगी आहे, डबऱ्याची, सुमन कुशवाह.
तेज चल म्हटल्याबरोबर
डावा पाय, डावा हात.
हसण्याची पहिली खसखस पिकायच्या आत
चारुता तिच्या शेजारी गेली
आणि तशीच चालू लागली.
डाव्याबरोबर डावा.
उजव्याबरोबर उजवा.
दोघी तशाच, पतंगासारख्या, थेट सलामी-मंचापर्यंत.
तिथून वळताना
चारुतानं एक पाऊल किंचित लांबवलं,
हात बदलला.

सुमनचाही बदलला.
तिला अजून माहीत नाही.
हवालदारसाहेब थम म्हणायचं विसरले,
मीही आठवण केली नाही.