अकरा अपूर्ण

माझं काम मोजणं.
स्टॉर्नोवेच्या इस्पितळात, बॉयलरच्या खोलीवर
माझं टेबल, माझा हीटर, माझी वही
(आता संगणकातला तक्ता आहे, पण मी वहीच म्हणते).
कुणी सुई घातली, कुणाला घातली,
किती रक्त गेलं, रात्री कोण परत आलं कण्हत.
एका रकान्यात डॉक्टर.
एका रकान्यात मर्डिना मॅकइव्हर.

मर्डिना डॉक्टर नाही.
ती क्ष-किरणवाली. वीस वर्षं
"श्वास धरा" आणि "सोडा आता" म्हणत आलेली,
मग दोन हिवाळे मुख्य भूमीवर राहून शिकली
सोनोग्राफीच्या पडद्यावर डोळा ठेवून
सुई कशी न्यायची ते.
डॉक्टर इन्व्हरनेसला. मधे समुद्र,
आणि समुद्राला वेळापत्रक वाचता येत नाही.

पत्र आलं: तुलना करून पाठवा.
तिचा हात, त्यांचा हात, समोरासमोर, टक्क्यांत.
रक्तस्राव सारखाच. जंतुसंसर्ग तिचा एकाने कमी.
पण "अपूर्ण प्रक्रिया": त्यांच्या दोन,
तिच्या अकरा.
अकरा म्हणजे अकरा. ते घर मी लाल केलं.

अहवाल जायच्या आधीच
साबण लावताना माझ्याच बोटांना काही लागलं,
वाटाण्याएवढं, डावीकडे, खोल.
दोन आठवड्यांनी मी तिच्या टेबलावर,
छतावरच्या पाण्याच्या डागाकडे बघत.

"मी डॉक्टर नाही. माहीत आहे ना तुला?"
मला विचारते! रोज ज्या चौकटीत
मी बरोबरची खूण करते, ती हीच.
मग म्हणाली, आधी आवाज ऐकून घे,
आणि हवेतच वाजवलं ते यंत्र: कट्.
कोकराच्या कानाला बिल्ला मारताना होतो
अगदी तोच आवाज. मी तसं म्हटलं.
ती हसली. तिच्याकडे चाळीस मेंढ्या.

पडद्यावर मी:
पीट कापल्यावर उघडे पडतात तसे थर,
करडे, ओले, त्यात एक काळा खडा
आणि त्याकडे सरकणारी पांढरी रेघ.
कट्.
कट्.
तिसऱ्यांदा काहीच वाजलं नाही.

हात जिथल्या तिथे. तिने पडद्याचा रंग बदलला,
खड्यामागे लाल काहीतरी लुकलुकलं.
"इथे एक रक्तवाहिनी आहे. दोन तुकडे मिळालेत.
बहुतेक पुरतील. नाही पुरले तर तू बोटीने जाशील,
मला शिव्या देत. पण मी आज इथे थांबते."
फोन लावला. पलीकडचा आवाज म्हणाला,
मी असतो तर कदाचित घेतला असता.
मग जरा वेळाने: नको. थांब तू.

नंतर दहा मिनिटं तळहाताने दाबून धरलं तिने,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत,
एका लंगड्या मेंढीची गोष्ट सांगत.

सोमवारी मी ती अकरा पानं उघडली.
रुग्ण खोकत राहिला.
गाठ दिसेनाशी झाली.
रक्त पातळ करायची गोळी घेतल्याचं
शेवटच्या क्षणी कबूल केलं.
सुईच्या वाटेत फुप्फुस आलं.
अशी दहा.
अकरावी मात्र खरंच तिची चूक:
गाठ सोडून शेजारचंच घेतलं.
खाली तिच्याच अक्षरात,
"पडदा नीट वाचला नाही, मी," आणि सही.

बारावी मी.

आई म्हणायची, अमक्याच्या हाताला गुण आहे.
हातगुणाला माझ्याकडे रकाना नाही,
आणि नसावाच; गुण कुणाच्याही हाताला चिकटवता येतो,
चुकलेल्याच्यासुद्धा.
मी एवढंच केलं, एक अरुंद रकाना वाढवला:
"थांबण्याचं कारण."
डॉक्टरांच्या दोनांसमोरही तो ठेवला. तिथे
अजून कुणी काही लिहिलेलं नाही. विचारलं आहे.

निकाल यायचा आहे. वारा आहे, बोट बंद.
सुईच्या जागी निळं-पिवळं उमटलंय.
त्याचीही नोंद लागते, सेंटिमीटरमध्ये.
टेबलाच्या खणात पट्टी होती.
शोधते आहे.