गंज

वाटणीच्या कागदावर सगळं उतरलं होतं.
बैल दादाकडे, गाय माझ्याकडे,
विहिरीचं पाणी दिवसाआड,
तेरा ताटांतली सात त्यांची, सहा आमची
(एक वैनीच्या माहेरचं होतं, ते सुटलं).
पाटा त्यांच्याकडे गेला.
वरवंटा चुकून आमच्या बोजात आला.
कोणी मागितला नाही, आम्ही दिला नाही.

राहिला गंज.
जर्मनचा, वीस माणसांच्या भाताचा,
एक कान तुटलेला.
"याचे काही दोन होत नाही,"
पंच म्हणाले, आणि चहा पिऊन उठले.

तेव्हा पंचफुलावैनी दारातून बोलली,
कोणाकडेच न पाहता :
"ज्याच्या घरी हप्ताभर गंज,
सोमवारी त्याच्या घरी सारे जेवतीन."

अकरा वर्षं झाली.

पुण्याचा जावई पहिल्यांदा आला तेव्हा हसला,
आमच्याकडे गंज लोखंडाला चढतो म्हणाला.
"आमच्याकडं चुलीवर चढते, बापा,"
नथ्थुदादा बोलला
आणि त्याच्या ताटात दोन गोळे जास्तीचे पडले.

आज पाळी त्यांची.
वेणू दुपारीच गेली, वरवंटा कडेवर घेऊन,
लेकरू न्यावं तसा.
मिक्सर दोन्ही घरी आहेत.
तरी गोळ्याची डाळ पाट्यावरच भरड होते
असं दोघींनी ठरवून टाकलंय.
मी बाजारातून सांबार आणला, वांगी आणली,
आणि लसूण, जो वैनीला नेहमी कमीच वाटतो.

भातावर गोळे, गोळ्यांवर
चुरचुरतं तेल, लाल मिरच्या,
हिंगाचा वास पार वणेच्या घाटापर्यंत.
धुऱ्याचं बोलायचं नाही, एवढा एकच कायदा.
बाकी सगळं चालतं :
सवारी विसरून निघून गेलेली एस्टी,
सरपंचाच्या बकरीनं खाल्लेला ग्रामसभेचा ठराव,
निकेशला पाहायला येणारी पोरगी
म्हणे आधी संडास पाहते, मग पोरगा.
"शहाणी हाय," वैनी म्हणते.
"आपल्या टायमाले कोण पाह्यलं?"
दादा हसताना ठसकतो. मी पाणी देतो.
देताना त्याचा हात बाबांसारखा दिसतो,
तेवढ्यापुरता.

"जवसाच्या चटणीचा डबा माळ्यावर राह्यला,
काढून दे गा, रामू."
मोबाइलच्या उजेडात चढलो.
डब्याआधी हाताला लागलं पोतं,
पोत्याखाली काहीतरी गार, गोल.
गंज. नवाकोरा, दोन्ही कानांचा,
आमच्यापेक्षा मोठा.
बुडाशी वैनीच्या भावाचं नाव कोरलेलं
आणि तारीख :
वाटणी झाली त्याच वर्षाची.

खाली ताटं वाजत होती.
कोणीतरी म्हणत होतं, मीठ लाव इकडं.
मी पोतं होतं तसं ओढलं,
वर आणखी एक टाकलं.

"सापडलं का?" वैनीनं विचारलं.
तिची पळी तेलाच्या भांड्यावर थांबलेली.
"डबा सापडला," म्हणालो.
"बाकी अंधारच हाय."
तिनं माझ्या भातावर तेल ओतलं,
जरा जास्तच. ताटाच्या काठापर्यंत आलं.
वेणू ओरडली, यायले कोलेस्ट्रॉल हाय ना बाई!
वैनी म्हणाली, एका दिवसानं काही होत नाही.

रात्री गंज आमच्या घरी निघतो.
कान एकच, तो मी धरतो.
दुसऱ्या बाजूनं दादा बुडाला हात लावतो,
आमच्या फाटकापर्यंत.
वेणू पुढं, वरवंटा घेऊन.
घासलेलं भांडं, केव्हाच थंड झालेलं.
तरी दर वेळी म्हणतो :
"जपून धर गा, पोळंल."